शुभेच्छांसह

टोपण घट्ट बसलेलं होतं, तरीही मार्कर सुकलेला होता — म्हणजे झाकून ठेवलं तरी सुकायचं ते सुकतंच, असं त्याच्या मनात आलं आणि पाठोपाठ, हे भाषणात कुठे बसेल, हेही आलं. हल्ली असंच व्हायचं. वाईट वाटायच्या आधीच ते वाईट वाटणं कितव्या मिनिटाला सांगायचं याची जुळवाजुळव सुरू. कोटाच्या आतल्या खिशात हा जाड काळा मार्कर किती वर्षं पडून होता कोण जाणे. कोट शेवटचा घातला तेव्हा लोक त्याला रस्त्यात अडवायचे, आता तो लोकांना अडवतो — ही बस नक्की कुठे जाते हे विचारायला... त्यानं तळहातावर एक रेघ ओढून पाहिली. नुसता ओरखडा. वास मात्र तोच. आणि त्या वासामागून ओल्या गवताचा, मलमाचा, सामना संपल्यावर कुंपणाच्या जाळीतून आत घुसलेल्या शंभर हातांचा वास — "डावरा! ए डावरा! इकडे!" डाव्या पायानं गोल मारणाऱ्याला गर्दीनं ठेवलेलं नाव, आणि तो जाळीच्या कडेकडेनं टोप्यांवर, शर्टांवर, एकदा तर एका प्लॅस्टरमधल्या हातावर सह्या करत सरकायचा, न थांबता, न बघता.

न बघता. भाषणात इथे तो एक क्षण थांबायचा.

"सापडला का रुमाल?" बायको दारात उभी राहून छातीवर नावाची पट्टी लावत होती. ती एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची; दिवसभर लोकांना 'जरा थांबा' म्हणायचं काम, जे ती घरीही उत्तम करायची. "बसवाल्यांचा संप आहे. दादांना फोन केलाय मी. ते सोडतील तुला क्लबवर."

"दादाला? दादाला कशाला?"

"मग गुडघ्याला सांग, चार मैल चाल म्हणून."

"तो आत येऊन बसला तर?"

तिनं पट्टी सरळ केली. त्याचं भाषण तिला पाठ होतं, कारण तो ते आरशासमोर तिच्यावरच घासायचा. "बसले तर बसले. तेवढा तो विनोद गाळ."

तेवढा तो विनोद! सहा वर्षं तो तरुण खेळाडूंसमोर उभा राहून आपण कसे बुडालो हे सांगत होता, आणि त्याचेच घर चालण्याइतके पैसे मिळत होते — पोहणाऱ्याला कोणी बोलवत नाही, बुडालेल्याला खुर्ची, पाण्याची बाटली आणि जायचं-यायचं भाडं. आज तर खुद्द त्याच्या जुन्या क्लबानं बोलावलेलं. नीट झालं तर दर हंगामात नव्या भरतीसमोर हाच, असं संयोजकानं फोनवर म्हटलेलं. आणि त्या चाळीस मिनिटांत लोक खरे हसायचे एकदाच. अकराव्या मिनिटाला. 'माझे पहिले बूट दादानं आणून दिले. जप्तीची नोटीसही दादानंच आणून दिली. मधल्या काळात काय-काय दिलं, ते त्यालाच विचारा!' हशा. टाळ्याही, सभागृह भरलेलं असेल तर. दादा कधी आलेला नव्हता, म्हणून तर 'त्यालाच विचारा' म्हणता यायचं.

खाली हॉर्न वाजला. दोनदा छोटा, एकदा लांब — पूर्वी सायकलची घंटी याच चालीवर वाजायची.

"काय रे, कोट? लग्न कुणाचंय?" दादानं दुसरं हेल्मेट पुढे केलं. साठी उलटलेली, स्पेअर पार्टच्या दुकानातलं ग्रीस नखांच्या कडांना. "आधी दुखरा पाय टाक. हां. बसलास? धर."

धरायचं कुठे? एकावन्नाव्या वर्षी भावाच्या कमरेला धरून बसणं बरं दिसत नाही. त्यानं मागची दांडी धरली आणि समोर दादाची पाठ आली. पाठ तीच. शर्ट बदलतात, माणसं जाडीला लागतात, पण पाठीला तिचा एक उतार असतो... सायकलच्या कॅरिअरवर बसून मैदानावर जाताना मी या पाठीवर बोटानं अक्षरं काढायचो आणि दादा ओळखायचा. 'थांब, पाटी सपाट करू दे,' म्हणून पाठ ताठ करायचा. 'हां, काढ.' मी 'क' काढला की तो 'फ' म्हणायचा, मुद्दाम, म्हणजे मी चिडून पुन्हा काढीन आणि चढ केव्हा संपला ते कळणार नाही. बुटांची पिशवी हँडलला. बूट दीड नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. दादाच्या पहिल्या पगाराचे बूट. दुकानदार म्हणाला होता, पाय वाढेल. पाय वाढला. वाढायचं ते सगळंच वाढलं, एकदम.

खेळाडूचे पैसे येतात कधी, तर बरोबरीची मुलं नोकरीचे अर्ज लिहीत असतात तेव्हा. आणि संपतात कधी, तर त्यांना पहिली बढती मिळते तेव्हा. मधल्या बारा वर्षांत त्यानं एकदाही तिकीट काढलं नाही, पाकीट फोडलं नाही, रांगेत उभा राहिला नाही. मोजे कुठे आहेत हे ठरवायला एक माणूस होता. सामना असेल त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर कपडे मांडलेले असत, आणि त्याची खरोखर अशी समजूत होती — हे भाषणात तो सांगत नसे — की घरात कपडे मांडलेलेच असतात. लोकांना गाड्या, घड्याळं, बायका ऐकायच्या असतात. गाडी एक होती. घड्याळ क्लबानं दिलेलं, बंद. पैसे गेले ते अगदी साध्या वाटेनं: दादाचं हॉटेल, ज्यात भिंतीवर त्याची फ्रेममधली जर्सी आणि खाली रिकामी टेबलं, मग मेहुण्याची व्यायामशाळा, मग त्याच्या फोटोचं बाटलीबंद पाणी. पाणी चांगलं होतं. पाण्यात वाईट काय असणार? कोणीच लुबाडलं नाही, हीच खरी अडचण. एखादा लुच्चा असता तर भाषण किती सोपं झालं असतं!

आणि सगळ्या कागदांवर सही एकच. ती सहीसुद्धा दादानंच केलेली — म्हणजे घडवलेली. सोळाव्या वर्षी, पहिल्या कराराच्या आदल्या दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅलेंडरची जुनी पानं उलटी पसरून. 'ही काय सही? हजेरीपटात मुलगा "हजर" म्हणतोय असं वाटतं.' दादानं पहिलं अक्षर मोठं केलं, शेवटची शेपटी गोल वळवून तिचा चेंडू केला, वर तिरकं 'शुभेच्छांसह' लिहिलं, आणि मी जिभेचं टोक बाहेर काढून ते गिरवत बसलो, अंधार पडेपर्यंत, दादाचं अक्षर माझं होईपर्यंत. 'पेन उचलायचं नाही मध्ये. थांबलास तर लोकांना वाटेल, हा विचार करतोय.'

मग मी थांबलो नाही. हॉटेलच्या कर्जाला जामीन राहिलो ते कागद घेऊन दादा मसाजच्या टेबलापाशी आला होता. मी पालथा पडलेला, हात खाली लोंबकळत, त्या लोंबकळत्या हातानंच सही केली. आठवड्यानं बँकेतला साहेब हसत परत आला — 'अहो, जामिनाच्या कागदावर शुभेच्छा दिल्यात तुम्ही! ही प्रत राहू द्या, माझ्या मुलीला होईल. नव्या प्रतीवर साधी करा.' म्हणजे वाचायची संधी दोनदा आली. दोनदा! आणि पहिल्या वेळी, टेबलापाशी, दादा म्हणाला होता, 'वाचून बघ एकदा.' 'तू वाचलंस ना? मग झालं.' आणि त्यावर दादा म्हणाला होता, 'मला सगळं नाही रे कळलं'... की नव्हता म्हणाला? ते वाक्य मला आवाजासकट आठवतं, पण कधीपासून आठवतं ते आठवत नाही. जप्तीला आलेला कारकून करंडक हातात घेऊन 'चांदीचा का?' विचारत होता, 'मुलामा' म्हटल्यावर त्यानं तो किती हळुवार खाली ठेवला होता — हे पक्कं आठवतं. दादाचं ते वाक्य तसं पक्कं नाही. ते खरं असेल तर अकराव्या मिनिटाला आपण सहा वर्षं काय करत होतो?

क्लबाचं फाटक बदललं होतं, आतला चुन्याचा आणि कापलेल्या गवताचा वास बदलला नव्हता. त्याचा डावा पाय आपोआप हलका पडायला लागला, बिचारा.

"आत येऊ का?" दादानं हेल्मेट काखेत घेतलं. "इथे ऊन आहे."

सावली होती, समोर झाड होतं चांगलं. "ये की," तो म्हणाला.

बैठकीच्या खोलीत पंचवीसेक तरुण खेळाडू, एकसारखे ट्रॅकसूट, एकसारखे पसरलेले पाय. दादा शेवटच्या रांगेत, मांडीवर हेल्मेट, सत्काराला आल्यासारखा ताठ. दहाव्या मिनिटापर्यंत सगळं नेहमीसारखं. पाण्याच्या बाटलीला थोडे हसले. मग तो म्हणाला, "माझे पहिले बूट दादानं आणून दिले," आणि थांबला. नेहमी दीड सेकंद थांबायचा. शेवटच्या रांगेत दादा किंचित पुढे सरकला होता. हेल्मेट मांडीवरून शेजारच्या खुर्चीवर ठेवत होता, दोन्ही हातांनी, आवाज न करता.

"दीड नंबर मोठे होते," तो म्हणाला. "पुढे वर्तमानपत्र कोंबायचो."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. तो बूट, चढ, मैदान असं काहीतरी बोलत राहिला, मग आकड्यांवर आला. आकड्यांवर दोन जांभया आल्या, तिसरा मोबाइल काढून बसला, आणि संयोजक घड्याळाकडे बघताना दिसू नये अशा बेतानं घड्याळाकडे बघू लागला. शेवटी एकानं हात वर केला.

"सर, पण मग चूक कोणाची म्हणायची? घरच्यांची?"

"सही माझी होती," तो म्हणाला. हे वाक्य भाषणात नव्हतं. ते बाहेर आलं तेव्हा फारच छोटं वाटलं, दात पडल्यावर हातात घेऊन बघावा तसं.

संयोजकानं पाकीट दिलं, पावती पुढे केली. दर हंगामाचं काही बोलला नाही, "कळवतो" म्हणाला. पेन हातात येताच हात सुटला — तिरकं 'शु' उमटलंसुद्धा, तेव्हा त्यानं तो थांबवला, पावती जवळ धरली आणि वरपासून वाचायला लागला. चारच ओळी. चष्मा घरी राहिलेला, अक्षर बारीक. "सर, नेहमीचीच आहे पावती," संयोजक म्हणाला. त्यानं मान हलवली आणि चौथी ओळ संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं.

परतीच्या वाटेवर पहिल्या सिग्नलला दादानं पाय टेकवला.

"ते बुटांचं नि नोटिशीचं गाळलंस."

मागची दांडी त्यानं घट्ट धरली. "तुला... कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दुकानात मोबाइल असतो. तुझ्या निळ्या शर्टातलं एक आहे आणि माइक कुईं करतो ते एक आहे. आमचा मालकही हसतो. आधी त्याला माहीत नव्हतं तो भाऊ मीच म्हणून."

"आणि कळल्यावर?"

"आणखी हसला." दादानं आरसा नीट केला, आरशात त्याचा एकच डोळा दिसत होता. "गाळायला नको होतंस रे. तिथे पोरं सैल होतात, मग पुढचं ऐकतात. आज पडलं."

"हो."

"मी उत्तर तयार करून आलो होतो."

"कसलं उत्तर?"

"तू म्हणतोस ना, त्यालाच विचारा. म्हटलं, आज आहेच मी तिथे, तर उठून सांगू. घरी पाठ केलं चांगलं."

"काय सांगणार होतास?"

सिग्नल सुटला. मागच्यांनी एकदम हॉर्न वाजवले आणि दादानं गाडी पुढे काढली. "दादा, काय सांगणार होतास?" त्यानं हेल्मेटला हेल्मेट टेकवून पुन्हा विचारलं. "पट्टा लाव गळ्याखालचा," दादा म्हणाला. वाऱ्यानं त्याचं पुढचं काही उडवून नेलं, किंवा पुढचं काही नव्हतं.

सहा वर्षं मी लोकांना एका माणसाला त्याच्या गैरहजेरीत प्रश्न विचारायला लावत होतो, आणि तो दुकानात उभ्यानं, ग्रीसच्या हातांनी, त्याचं उत्तर पाठ करत होता. ते ऐकलं की काय होईल? 'मी तुला वाच म्हणालो होतो' असेल ते? की 'माझं चुकलं' असेल — आणि मग तर जास्तच... या दोहोंतलं आपल्याला कोणतं हवंय हेही त्याला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही याचं आज, का कोण जाणे, भाषण करावंसं वाटेना.

चढ लागला. स्कूटर कण्हू लागली, वेग पडला. त्यानं दांडी सोडली. समोर पाठ होती. बोट शर्टाला लागलं आणि सवयीनं तिरकं, भरभर धावायला निघालं — त्यानं ते उचललं. चांगलं दोन क्षण हवेत धरलं. मग शाळेच्या हजेरीपटात असायचं तसं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर तो सावकाश काढू लागला, दांडी, वळण, पुन्हा थांबून.

दादानं पाठ ताठ केली.