एकशे चाळीस मीटर

मित्रांनो, मी कापडाचा एक जुना मोजटेप आहे. तीस मीटर लांब, चामड्याच्या डबीत गुंडाळलेला. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात माझी उभी हयात गेली. पहिले चार आकडे हाताळून पुसट झाले आहेत, पण माप मी अजूनही खरंच सांगतो.

आमच्याकडे वॉर्डाची गरज ठरवायची रीत फार सोपी होती. मागच्या वर्षी जेवढा खर्च झाला, त्यात दहा टक्के मिळवायचे, झालं! त्यासाठी खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नसे. मी आपला खिळ्याला धूळ खात लटकलेला.

मग नव्या ओव्हरसीअरबाई आल्या. त्यांनी मला झटकलं आणि पायाला भिंगरी लावून सारे वॉर्ड पालथे घातले. वरच्या वॉर्डातली गटारं धडधाकट होती. खालच्या गल्लीत गटारच नव्हतं. तिथल्या इस्त्रीवाल्या मावशीच्या दुकानात घाण पाणी शिरायचं, कपडे खराब व्हायचे आणि भरपाई तिच्या गळ्यात पडायची. चिखलात उभं राहून तिनंच माझं टोक धरलं.

"नीट मोजा हं बाई. आणखी वर्षभर असंच चाललं तर दुकान बंदच करावं लागेल."

"जरा ताणून धरा, मावशी. हं, एकूण एकशे चाळीस मीटर."

त्या दिवसाइतका मी कधीच सुखावलो नाही.

मोठ्या साहेबांनी बाईंची पाठ थोपटली आणि नेहमीचा तक्ता पुढे केला. त्यात खालच्या गल्लीचा मागचा खर्च शून्य होता.

"साहेब, गटारच नाही, तर खर्च कशावर होणार?"

"अहो, खर्च नाही म्हणजे गरज नाही. शून्याचे दहा टक्के किती, सांगा बरं?"

वरच्या वॉर्डातली चांगली गटारं फोडून पुन्हा बांधली गेली. बाईंची बदली झाली. वर्षानं मावशी विचारायला आली, तेव्हा कारकुनानं फाईल उघडून दाखवली.

"हे बघा, तुमचं माप जपून ठेवलंय."

"मापाचं काय करू? दुकान गेलं माझं," ती म्हणाली.

मला राग येतो, मित्रांनो. मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. मोजलेलं वाचा आणि वाचलंत तर त्याप्रमाणे वागा, एवढंच मागणं आहे. परवा मला घेऊन कुणी नवे साहेब खालच्या गल्लीत गेले होते. टोक धरायला एकही माणूस पुढे आला नाही.