नाव घातलेला पेला

इंग्रजीत कुठली वस्तू कुणाची हे सांगताना नावाला एस लावतात आणि त्याच्याजवळ वर एक शेपटी काढतात. तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. अमळनेरच्या आमच्या शाळेतली आठवीची मुलं ती शेपटी मीठ भुरभुरावं तशी कुठेही टाकत आणि माझं डोकं फिरे. शेवटी मी सांगितलं, घरून नाव घातलेलं एकेक भांडं आणा. मालक एक असला तर खूण एसच्या आधी, मुलीचा पेला. अनेक असले तर एसच्या नंतर, मुलींचा हंडा. पहिला पेला मीच दाखवला, माझ्या लग्नातला, 'प्रेमराज' एवढंच नाव घातलेला.

सकीनाने मामूंचं ताट आणलं. मग दिपमालाने स्टीलचा एक पेला टेबलावर ठेवला आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, प्रेमराजभाऊंचा पेला. खूण हवी तिथेच होती. शाबास म्हणत मी पेला उचलला. 'कै. प्रेमराज यांच्या स्मरणार्थ.' अक्षरं वर्षानुवर्षं घासल्यासारखी झिजलेली.

कुठून आणलास, मी विचारलं.

"भाऊसनी गंधमुक्तीले तुम्हीच दिन्हा ना, मॅडम."

गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याला, असे पेले वाटतात हे खरं. पण माझ्या नवऱ्याने त्याच सकाळी मला स्कूटरवरून शाळेत सोडलं होतं. येत्या शुक्रवारी धुळ्याला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुसरा कुणी प्रेमराज असेल, असं म्हणून मी हसले. दुसऱ्या दिवशी आणखी चौघींच्या हातात तसाच पेला होता, आणि वर्गात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

मी ऑपरेशन रद्द करायला लावलं. थांबणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी फोनवर दोनदा बजावलं. प्रेमराज रिपोर्टांची फाइल कपाटात ठेवायला उठले.

"तू म्हणशील तसं, रत्ना."

शुक्रवार सरत आला. संध्याकाळी ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते, चांगले धडधाकट, आणि मला माझ्याच वेडेपणाचं हसू आलं. त्यांनी पाणी मागितलं. मी लग्नातला पेला भरला आणि दाराशी येताना सवयीने नावावरून अंगठा फिरवला. नावाच्या आधी 'कै.' होतं, घासून घासून झिजलेलं. ते पहिल्यापासून होतं का, मला काही केल्या आठवेना.

मी पेला धरून उंबऱ्यातच थांबले. पेपरवरची नजर न काढता त्यांनी हात पुढे केलेला होता.