खेकड्यावरचा शेंदूर

सरळच सांगतो, मी उतावळा माणूस. उसाचं कांडं पुरतं सोलायच्या आधी दात लावणारा. आमची आई म्हणायची, ह्याला नवव्या महिन्यातबी दम निघाला न्हाई. लोक हसायचे, मीही हसायचो. आता त्याचं हसू येत नाही.

मी कराडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दगड धुवायचे, कापायचे, घासायचे, नंबर घालून कपाटात ठेवायचे, हे माझं काम. गाव आमचं माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. मेंढरंवाली माणसं आम्ही, दगडाला तिकडं काय तोटा! पण सगळा काळा दगड, लाव्ह्याचा. त्यात शिंपला गावायचा नाही की मासा. म्हणून चुलतभाऊ सिद्धू पलटणीत भरती झाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "लांब कुठं गेलास तर जुना जीव अडकल्याला एखादा दगड आण गड्या."

"लोकं रमची बाटली मागत्यात," तो म्हणाला, "आन् ह्यो धोंडा मागतोय!"

एकाहत्तरच्या डिसेंबरात सिद्धू लढाईत गेला. लग्न व्हायचं होतं. घरी आली ती फक्त ट्रंक. त्यात घोंगडी, दाढीचं सामान आणि बनियनात गुंडाळलेला मुठीएवढा धोंडा. त्याची आई हरणाबाई, म्हणजे माझी चुलती. तिला अक्षरओळख नाही. पोराचं अंग आलं नाही, पण एवढ्या लांबनं धोंडा आला, म्हणजे पोरगाच आला, असं तिनं धरलं. अकाली गेलेल्याला देवात बसवायची आमच्यात रीतच आहे. तिनं तो धोंडा देवात बसवला आणि दर अमावस्येला त्याला तेल-शेंदूर लावायला लागली.

मी गावी पोचलो तोवर तो शेंदरात बुडाला होता; तीन वर्षं मी त्या तांबड्या गोळ्याला हात जोडत होतो. चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला काकीनं देव घासायला काढले आणि तो धोंडा उताणा केला. पोटाला शेंदूर नव्हता. बघतो तर पोटाशी घेतलेले पाय, एका बाजूला नांगी. मी असा ओरडलो की काकीच्या हातनं तांब्याच पडला.

"आगं काकी, खेकडा हाय ह्यो! लाखो वर्सांचा!"

मग ट्रंक धुंडाळली. बनियनाच्या घडीत चिठ्ठी होती. 'नाथादादासाठी. कच्छ, लखपतच्या पुढं, वढ्याच्या काठाला.' ती मी दोनदा वाचली. पोरानं माझ्यासाठी आणला होता.

असल्या जुन्या खेकड्यांवर आयुष्य घालवलेले एक सर पुण्यात होते. त्यांना पोटाकडचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं : नांगी ओळखीची वाटत नाही, जात नवी असू शकेल. पण जात ठरते ती पाठीवरून. पाठीवरचे दाणे आणि कडेचे दात बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. नवी निघाली तर ज्याला सापडली त्याचं नाव तिला देता येईल. शेंदूर टर्पेंटाइननं मऊ करून भिंगाखाली सुईनं कण कण काढावा. तीन महिने लागतील. 'घाई करू नका', आणि त्याच्याखाली दोन रेघा.

काकीला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली. सिद्धू गेल्यापासनं मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. "खेकड्याला माझ्या पोराचं नाव?"

"व्हय. लॅटिनमधी. जगातल्या पुस्तकात."

"किती दिस ऱ्हाईल?"

"आपण समदी जाऊ काकी, पर नाव ऱ्हाईल."

मग ती म्हणाली, "त्येच्या मागं त्येचं नाव लावाया कोण न्हाई रं नाथा. न्हे." तिनं देवातनं धोंडा उचलून माझ्या ओंजळीत दिला आणि बजावलं, "शेंदराची खोळ वयात आली की आपसूक सुटती. तवर नख लावू नगंस."

"व्हय," मी म्हटलं. मी सगळ्यांना व्हयच म्हणतो.

तीन आठवडे मात्र मी शहाण्यासारखा वागलो, हे कबूल करा. कराडातल्या दाताच्या डॉक्टरनं टाकून दिलेली सुई आणली. दिवसाला हरभऱ्याएवढी जागा मोकळी व्हायची. पण काय दिसत होतं म्हणून सांगू! कडेला तीन दात, टोकदार. पाठीवर राजगिऱ्यासारखे बारीक दाणे, एकसारखे पेरलेले. लाखो वर्षं मातीत आणि तीन वर्षं शेंदरात, तरी दाणा न दाणा शाबूत. मी शिपायाला बोलवून दाखवला, ग्रंथपालाला दाखवला, कॉलेजात दूध घालणाऱ्या केरबालासुद्धा दाखवला. केरबा म्हणाला, "रस्सा झाला असता का ह्येचा?"

आणि सरांचं कार्ड आलं. बुधवारी मोटारीनं कोल्हापूरला निघालेत, वाटेत कराडला थांबतील, झालंय तेवढं बघतील.

झालंय तेवढं. असंच लिहिलं होतं. पुरं करून ठेवा, असं कोणी म्हटलं नव्हतं. हौस माझी. सरांनी मोटारीतनं उतरावं, मी रुमाल बाजूला करावा आणि त्यांनी म्हणावं, "वा नाथाजी!" सिद्धूसाठी करतोय असं मी मनाला सांगत होतो. कसला सिद्धू! मला माझीच पाठ थोपटून घ्यायची होती.

सोमवारी दुपारी बघितलं तर शेंदूर एका कडेला थोडा उचलला होता. टर्पेंटाइन आत गेलं असणार. पण मला आठवलं काकीचं बोलणं, खोळ आपसूक सुटती. म्हटलं, सुटायला लागली! एरवी कॉलेजात देवाधर्माची टिंगल करणारा मी, त्या दिवशी मला देवाचा कौल मिळाला. पातळ सुरी घातली आणि उचलली. टक्क आवाज झाला आणि चार तुकड्यांत सगळी खोळ निघाली. खाली खेकडा स्वच्छ, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा.

गुळगुळीत! तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला नको? पण मी टाळ्या पिटत होतो.

ते चार तुकडे टेबलावर पडले होते. केराच्या टोपलीत टाकायला हात होईना. देवाच्या अंगावरचा शेंदूर कुणाच्या पायाखाली जाऊ नये, हे लहानपणापासनं अंगात मुरलेलं. तुकडे कागदात बांधले, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि तडक घाटावर जाऊन कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडले. हातही जोडले.

बुधवारी सर आले. भिंग लावून बघत राहिले. वा नाही की छान नाही. मग विचारलं, "पाठीवरचं कवच कुठं आहे?"

"काढला की सर, सगळा शेंदूर."

"शेंदूर नव्हे हो. खेकड्याचं कवच. हा नुसता आतला साचा उरलाय."

तेलाचा शेंदूर कवचाला घट्ट धरून बसला होता. तो ओढला तसं पातळ कवचही, मी मोकळा केलेला भाग धरून, दाण्यांसकट, दातांसकट त्याच्याबरोबर निघालं होतं. पण सर धीर देत म्हणाले, "काही बिघडलं नाही. तुकडे द्या. आतल्या बाजूला कवच चिकटलेलं असेल. शेंदूर मागून हळूहळू विरघळवू. सगळं मिळेल."



"सर, नदीत सोडले."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी मला आईमाईवरनं शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी फक्त लेबल लिहिलं : 'खेकडा. कच्छ. जात ठरवता येत नाही.' मोटार गेल्यावर मी घाटावर धावलो, कंबरभर पाण्यात उतरून चाचपडत राहिलो. वाहत्या पाण्यात काय गावणार?

आठ दिवसांनी धोंडा घेऊन गावी गेलो. काकी मेंढरांच्या वाड्याशी कोकरं कोंडत होती. मला बघून तशीच पळत आली. तिनं आळीभर सांगून ठेवलं होतं.

"लागलं नाव?"

"न्हाई काकी." मी धोंडा तिच्या हातात दिला. "पाठीवरची खूण गेली. तिच्यावरनं जात ठरती. आता न्हाई ठरत."

ती अंगठ्यानं त्याची पाठ चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या शेंदरानं गेली व्हय?"

मी कोकरांच्या वाड्याचं दार ओढून घेतलं.

"तीन वर्सं मीच चोळला. बोटानं दाबून दाबून. पोराचं नाव मीच पुसलं रं."

शेंदराखाली दाणा न दाणा शाबूत होता. माझ्या डोळ्यांनी मी बघितला होता. 'न्हाई काकी, मी ओढला, मी नदीत टाकला,' एवढंच म्हणायचं होतं. आणि मी काय म्हटलं? "जाऊ दे काकी. तुला अडाणी माणसाला काय ठावं." मी तिला माफ केलं. मी, तिला! ह्या जिभेला झाडून काढलं पाहिजे.

त्यानंतर तिनं त्या धोंड्याला शेंदूर लावला नाही. अमावस्येला बाकीच्या देवांना लावायची, आणि त्याच्यापाशी आली की हात पदरात घ्यायची. लोकांना सांगायची, मी अडाणी, माझ्या हातानं घात झाला. दरवेळी गावी जाताना ठरवायचो, ह्या खेपेला सांगायचं. म्हणे उतावळा! चार वर्षं तेवढं एक वाक्य सांगायची मला घाई झाली नाही.

गेल्या आषाढात काकी अंथरुणाला खिळली. मी उशाशी बसलो होतो. तिनं माझं मनगट धरलं.

"नाथा, वर सिद्धूची गाठ पडंल. नावाचं इचारलं तर त्येला काय सांगू रं?"

मी वाटीतलं पाणी तिच्या तोंडात घातलं आणि म्हटलं, "पड गप, काकी."