थेंबांचं पाणी

थोरली बहीण लॉन्ड्रीच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा धाकटी हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. वाफेने तिचे डोळे चुरचुरत होते, पापण्यांआड वाळू गेल्यासारखं खुपत होतं. दारातली बाई कोण ते लक्षात आलं, तिने इस्त्री उभी केली आणि नेमकं तेव्हाच डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

थोरलीने पुढे येऊन तिचा हात धरला. "मला ठाऊक होतं. इतकी काही दगड नाहीस तू."

"काचबिंदूचे थेंब घालते, त्याचं पाणी आहे हे," धाकटीने हात सोडवून घेतला. "तुझ्यासाठी नाही."

पण ऐकतंय कोण? आई गेल्याचं थोरलीने सगळं उरकल्यावर कळवलं होतं. तेव्हापासून धाकटीने अबोला धरला होता. आईसाठी तिला करता आलेलं तेवढंच होतं. आता थोरली नातेवाइकांत सांगत सुटली, की धाकटी गळ्यात पडून रडली, झालं गेलं मिटलं. मावशीने तर फोन करून शाबासकी दिली. धाकटीचा तिळपापड झाला. त्याच रागात तिने थेंब घालणं सोडलं. डोळे निवले, तशी ती खूशही झाली.

पुढच्या तपासणीत डोळ्यांचा दाब चढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्रास होत होता तर सांगायचं, परस्पर बंद कसे केलेत? बाटलीतलं औषध टिकावं म्हणून जे मिसळतात, ते कुणाकुणाच्या डोळ्यांना असं सोलून काढतं, म्हणाल्या. त्यांनी ते न घातलेले, एका वेळेपुरत्या कुपीतले थेंब दिले. हळूहळू लाली ओसरली, पाणी थांबलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती थोरलीकडे गेली. थोरली चहा टाकायला उठली, पण ही बसलीच नाही.

"नीट बघ माझ्याकडे, ताई. टिपूस नाहीये डोळ्यांत. आता सांग, आईचं मला वेळेवर का कळवलं नाहीस?"

थोरलीने हातातलं पातेलं पुसून ओट्यावर ठेवलं.

"तिचं सगळं मी केलं. आणि शेवटी शेवटी ती मलाच तुझ्या नावाने हाका मारायची. तू आली असतीस, तर तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नसतं."

"तरी कळवायचं होतंस."

"हो," थोरली म्हणाली. "पण नाही कळवलं."

"मावशीला सांग, मी रडले नव्हते," एवढं बोलून धाकटी बाहेर पडली.

जिन्याच्या वळणावर तिचे पाय थांबले. आई शेवटी आपल्यालाच हाका मारत होती. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ती उभी राहिली. आता रडायला कुणाची आडकाठी नव्हती. ती डोळे भरून यायची वाट पाहत राहिली. वर दाराची कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा तिने कठडा धरला आणि कोरड्या डोळ्यांनी ती एकेक पायरी उतरू लागली.