भावोजींची साक्ष

लाकडाच्या वखारीत करवतीनं तिच्या नवऱ्याचा जीव घेतला. पात्यावरचं झाकण महिनाभर तुटलेलं होतं. तो रोज सांगायचा, मुकादम कानाडोळा करायचा. मुकादम म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. चौकशीत त्यानंच सांगितलं, "दादा पिऊन आला होता." जन्मात दारूला न शिवलेला माणूस कागदोपत्री दारुडा ठरला.

दर रविवारी दीर चर्चमध्ये पहिल्या बाकावर. ती शेवटच्या. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की तिची दातखीळ बसायची.

"क्षमा करा, बाई, शांती मिळेल," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली, "तुम्हाला नवरा नव्हता."

चार वर्षं अशीच गेली. एका दुपारी चर्चचे पडदे शिवून ती टांगायला गेली. आत कुणी नव्हतं. क्रूसाकडे बघून ती एकदम कडाडली, "तुझ्यावरही खोटे साक्षीदार उभे केले होते ना? मग माझ्या वेळी गप्प का बसलास?"

स्वतःचेच शब्द तिला लागले. ज्याच्याशी भांडत होती, त्याच्याही नशिबी हेच आलं होतं. आपलं दुखणं त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. ती खाली बसली आणि पोटभर रडली. त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली.

पुढच्या वर्षी दिराला घशाचा कॅन्सर झाला. जाऊ बोलवायला आली, "ताई, त्यांना तुम्हाला भेटायचंय."

दिराचा आवाज बसला होता. "वहिनी, मला माफ करा."

"केलं, भावोजी. आता खरं काय ते लिहून द्या. माझ्या पोरीला तिचा बाप परत मिळू दे."

"माझ्या पोरांना लोक काय म्हणतील?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवड्यानं तो गेला, न लिहिताच.

मातीला सगळी वखार लोटली. पाळकसाहेबांनी त्याच्या सचोटीचे गोडवे गायले. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर थांबलेल्या मुलीनं तिला अडवलं. "आई, तुला चीड नाही येत?"

"येते की. पूर्वी डोक्यावर बसायची, आता शेजारी बसते."

"मला नाही जमणार हे."

"नको जमवूस. मलाही कुणाच्या सांगण्यानं जमलं नव्हतं."

मुलगी एकटीच निघून गेली. आई पुन्हा आत वळली, कबरीपाशी बसलेल्या जाऊच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि घरी घेऊन गेली.