गळ्यावरची चीर

माझ्या नवऱ्याच्या, आर्चीच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या तेव्हा आधी मी त्याच्याशी भांडलेच. किटली चुलीवर ठेवून विसरायचा, घोड्याला केव्हाच मेलेल्या घोड्याच्या नावाने हाक मारायचा. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम छळतोय. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी भांडण संपलं. खरं सांगते, भांडण बरं होतं.

व्हर्ना आमच्या युकॉनच्या डोंगरांत शिकारीचे तळ चालवते. आर्ची तिच्या बापाच्या वेळेपासूनचा वाटाड्या, शिकाऱ्यांना डोंगरावर नेणारा. तिने आडपडदा ठेवला नाही. "नॉर्मा, या खेपेला तूही बरोबर जा. नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीचं बघू. घोटाळा झाला तर त्याला पुन्हा डोंगरावर नाही पाठवणार मी. जीव जाईल गं एखाद्याचा."

डोंगर सुटला तर आर्ची घरात खिडकीशी बसून संपेल, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी स्वयंपाकीण म्हणून निघाले. खरं काम राखणीचं.

या खेपेचा शिकारी पिकरिंग हा दातांचा डॉक्टर, गुडघ्याने अधू पण सालस. सकाळी त्याने कड्याखाली पांढरा डोंगरी मेंढा पाडला. त्याला तो अख्खा हवा होता, पेंढा भरून, चारी पायांवर उभा केलेला.

आर्चीने डोळ्यापासून नाकापर्यंत टेप लावली, मग मानेचा घेर घेतला. "लिहून घ्या डॉक्टर. तुमच्या पेशंटपेक्षा गुणी आहे हा, बोंबलत नाही."

त्याचे हात इतके सरळ चालले होते की माझा जीव भांड्यात पडला. कातड्याला चोळायचं मीठ खाली घोड्यांवर राहिलं होतं, ते आणायला मी उतरले.

परत आले तर मेंढ्याचं डोकं आर्चीच्या गुडघ्यावर होतं आणि गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला होता.

खायची शिकार असली की आमच्याकडे गळा चिरून रक्त काढतात. पण जनावर उभं करायचं असलं की चीर पाठीवरून घेतात. गळा समोर दिसतो आणि त्या आखूड पांढऱ्या केसांत टाके लपत नाहीत. अर्ध्या युकॉनला हे आर्चीनेच शिकवलं होतं.

"आलीस? बरं झालं," तो हसत म्हणाला. "रक्त लगेच काढलं बघ. नाहीतर मटण उग्र लागतं, मग बाबा ओरडतात. आई खूश होईल, हिवाळ्याची सोय झाली."

त्याची आई आमच्या लग्नाआधीच गेली होती. इतका आनंदी तो वर्षभरात दिसला नव्हता, आणि मला रडू आवरेना.

पिकरिंगने मला बाजूला नेलं. "मला वाटलं असंच करतात. काही चुकलं का?"

मी सगळं सांगितलं, व्हर्नाची अटसुद्धा. त्याने वळून आर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी केलं म्हणून सांगा. हौशी माणूस, सुरी हातात घेतली आणि घाण केली. कोण विचारतंय?"

"अहो, तुमचा मेंढा वाया गेला."

"तो सकाळीच गेला, मीच मारला. राहू द्या."

मी त्याचा हात घट्ट धरला. खोटं बोलायचं माझं ठरलं. आणखी एक वर्ष मिळालं असतं.

मागून आर्चीचा आवाज आला. "हे कोणी केलं?"

आवाज पूर्वीचा होता. तो चिरेच्या दोन्ही कडा बोटांनी जुळवून बघत होता.

"मी केलं," पिकरिंग पटकन म्हणाला. "चुकलं माझं."

"उगाच कोणाला पाठीशी घालू नका डॉक्टर. तुम्ही केलं असतं तर कुरतडल्यासारखं दिसलं असतं. हा सराईत हात आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता, नुसता खिन्न होता. "व्हर्नाने कोण नवा माणूस घेतलाय गं? उद्याच खाली पाठव त्याला. ओरडू नकोस, बिचाऱ्याला कळलं नसेल. पण पुन्हा डोंगरावर आणू नका."

मी पिकरिंगकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती.

"पाठवते, आर्ची," मी म्हणाले.

आर्चीने मान डोलावली, मेंढा पालथा केला, अंगठ्याने कणा चाचपला आणि पाठीवरून शेपटापर्यंत सुरी सरळ ओढली.