नव्या मीटरचा काटा

बन्सीने मेहुण्याकडून, सम्राटकडून, जुनी डिझेल जीप घेतली आणि नगर ते शिंगणापूर भाविकांच्या फेऱ्या सुरू केल्या. जीपचा तापमानाचा काटा मात्र मेलेला होता. भर गर्दीत इंजिन बसायला नको म्हणून महिन्याभराने त्याने केडगावच्या नूरमहंमद मिस्त्रीकडून वेगळं मीटर आणि सेन्सर बसवून घेतला.

दुसऱ्याच दिवशी घोडेगावच्या अलीकडे नवा काटा एकशे दहावर गेला.

बन्सीने माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिली. महिनाभर गाडी बिनबोभाट चालली आणि मिस्त्रीचा हात लागताच तापली? आता इंजिन उतरवा म्हणेल, चांगले पार्ट काढून घेईल. थांबत थांबत तो केडगावला आला.

"भाई, इंजिनाला काय केलंत? खरं सांगा."

"मीटरवर भरवसा न्हाई, का माझ्यावर?"

"दोघांवर बी न्हाई."

म्हातारा रागावला नाही. इंजिन निवल्यावर त्याने सेन्सर काढला, त्याला अर्थिंगची वायर जोडली आणि स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात टोक बुडवलं. काटा चढत जाऊन शंभराच्या किंचित अलीकडे थांबला. बन्सीने स्वतः दुसरं पाणी आणून उकळलं. काटा पुन्हा तिथेच.

"मीटर बरोबर हाय. इंजिनच तापतंय," मिस्त्री म्हणाला. मग त्याने जुन्या सेन्सरची वायर चाचपली. चिकटपट्टीखाली ती कुणीतरी पक्कडीने कापलेली होती.

बन्सी तडक सम्राटच्या दारात गेला.

"वायर तू कापलीस?"

सम्राटने मान खाली घातली. "इंजिनाच्या हेडला चीर हाय, दाजी. वेल्डिंग केलं, तरी तापायचीच. काटा दिसला असता तर तुमी गाडी घेतली नसती."

"तुझी बहीण बसती तिच्यात."



रविवारी सम्राट दुसरं हेड घेऊन केडगावला आला आणि दोन दिवस मिस्त्रीच्या हाताखाली राबला. घोडेगावपर्यंत चक्कर मारली. काटा ऐंशीच्या वर गेला नाही. बन्सीने मिस्त्रीला चहा पाजला, पण माफीचे शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

"झालं ना आता, दाजी?" सम्राटने विचारलं.

बन्सीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "भाई," तो मिस्त्रीला म्हणाला, "ह्यानं आवळलेले बोल्ट तेवढे तुमी परत बघा."